जनरल मोटर्सचं अडकलेलं भांडवल: 1920 ते 1925 या काळातलं एक प्रकरण

1920 च्या ऑक्टोबरअखेर जनरल मोटर्सकडे सुमारे 21 कोटी डॉलरचा माल पडून होता. कच्चा माल, सुटे भाग, अर्धवट जोडणी झालेल्या आणि न विकलेल्या गाड्या, सगळं त्यात आलं. कंपनीच्याच समित्यांनी मालसाठ्याला घालून दिलेली मर्यादा 15 कोटींची होती. मागणी मात्र तोवर कोसळली होती. फोर्डनं 21 सप्टेंबरला किमती एकदम उतरवल्या. जनरल मोटर्सचे अध्यक्ष विल्यम ड्युरंट यांनी आपल्या किमती धरून ठेवायचं ठरवलं आणि गिऱ्हाईक तुटलं. वर्ष सरता सरता ब्यूइक आणि कॅडिलॅक हे विभाग सोडले तर बहुतेक कारखाने थंडावले होते. 30 नोव्हेंबरला ड्युरंट यांना पद सोडावं लागलं आणि पिएर ड्यूपॉन्ट अध्यक्ष झाले.

भांडवली उत्पादकता, म्हणजे गुंतवलेल्या पैशातून किती काम निघतं, हे शिकवताना हे प्रकरण सहसा एका ओळीत उरकतात: ड्यूपॉन्ट कंपनीची माणसं आली, त्यांनी परतावा मोजायचं आपलं सूत्र आणलं, जनरल मोटर्स सावरली. एवढ्यावर थांबलं तर महत्त्वाचा भाग हातातून सुटतो. सूत्र 1920 च्या कितीतरी आधीपासून तयार होतं. ज्या ड्यूपॉन्ट कंपनीत ते जन्मलं, तिचे माजी खजिनदार जॉन रास्कोब 1918 पासून जनरल मोटर्सच्या वित्त समितीचे अध्यक्ष होते. भांडवलाचा हिशेब उत्तम कळणारा माणूस वित्त समितीच्या प्रमुखपदी असताना एवढा पैसा गोदामांत अडकलाच कसा? मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रश्न. त्याचं उत्तर पुढच्या चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळत गेलं.

सूत्र आणि त्याचे फाटे

ड्यूपॉन्ट ही स्फोटकं बनवणारी कंपनी. 1902 मध्ये घराण्यातल्या तिघा चुलतभावांनी ती ताब्यात घेतली आणि त्यांतल्या पिएर यांनी खजिनदार म्हणून हिशेबाची घडी बसवली. काळी दारू, डायनामाइट, बिनधुराची दारू असे निरनिराळे धंदे एकाच छताखाली होते. विक्रीवर किती टक्के नफा सुटला एवढंच पाहून त्यांची तुलना होईना. एका धंद्यात थोडक्या यंत्रांवर मोठी विक्री व्हायची, दुसऱ्यासाठी अवाढव्य कारखाना उभा करावा लागायचा. म्हणून नफा गुंतलेल्या पैशाशी ताडून पाहायची सवय तिथे लागली. एका शाखेला नवी यंत्रं देण्याआधी तोच पैसा दुसऱ्या शाखेत जास्त कामी येईल का, हे विचारायचं, असं धोरणच कंपनीनं ठरवलं होतं.

1909 मध्ये डोनाल्डसन ब्राउन या कंपनीत विक्रेते म्हणून लागले. शिक्षणानं विद्युत अभियंता. 1910 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी परताव्याचे दोन तुकडे करून दाखवले. गुंतवणुकीवरचा परतावा म्हणजे विक्रीवर सुटणारा नफा गुणिले भांडवलाची फिरत. फिरत म्हणजे गुंतलेला एक डॉलर वर्षभरात किती डॉलरची विक्री करून देतो ते प्रमाण.

समजा एका विभागाला विक्रीवर 20 टक्के नफा सुटतो, पण भांडवल वर्षात पाऊण वेळाच फिरतं. दुसऱ्याला जेमतेम 5 टक्के सुटतात, पण भांडवल तीनदा फिरतं. दोघांचाही परतावा 15 टक्केच. पहिल्याचा व्यवस्थापक नफ्याच्या टक्क्यांवर खूष असतो आणि दुसऱ्याचा टक्के वाढवण्यासाठी धडपडतो. प्रत्यक्षात पहिल्यानं आपल्या गोदामाकडे आणि रिकाम्या यंत्रांकडे बघायला हवं. नुसत्या नफा-तोटा पत्रकातून हे कधीच कळत नाही.

ब्राउन यांचं खरं कसब पुढच्या पायरीत आहे. त्यांनी फिरतीचेही फाटे पाडले. गुंतलेलं भांडवल म्हणजे कारखाना आणि यंत्रं, अधिक खेळतं भांडवल. खेळतं भांडवल म्हणजे कच्चा माल, प्रक्रियेतला माल, तयार माल, येणी आणि रोख. असं खाली उतरत गेलं की प्रत्येक आकड्यापाशी कुणीतरी माणूस उभा दिसतो. कच्चा माल खरेदीवाल्याचा, प्रक्रियेतला माल कारखान्याच्या व्यवस्थापकाचा, तयार माल आणि उधारी विक्रीवाल्याची. ड्यूपॉन्टच्या विल्मिंग्टनच्या मुख्यालयात पुढे या फाट्यांचे तक्तेच तक्ते एका खास दालनात छतालगतच्या रुळांवर टांगलेले असत. संचालकांची समिती बसली की हवा तो तक्ता सरकवून समोर आणायचा आणि चर्चा त्याच आकड्यावर ठेवायची.

पैसा कुठे अडकला होता

जनरल मोटर्समध्ये यातलं काही खालपर्यंत उतरलंच नव्हतं. ड्युरंट यांनी कंपनी उभी केली ती कंपन्या विकत घेत घेत. प्रत्येक विभागाचा प्रमुख आपल्या जागी राजा होता, प्रत्येकाची हिशेबाची पद्धत निराळी. वरची समिती मर्यादा ठरवायची, पण मर्यादा ओलांडली हे कळायचं ते ओलांडून झाल्यावर.

पैसा तीन ठिकाणी अडकला होता. पहिलं ठिकाण कारखाने आणि यंत्रं. विभागप्रमुखच कार्यकारी समितीवर असल्यामुळे मंजुरी देताना एकमेकांच्या प्रस्तावाला पाठिंबा देण्याची रीत पडली होती: आज तू माझ्यासाठी, उद्या मी तुझ्यासाठी. कुठल्या विस्तारातून किती परतावा मिळणार, याची प्रस्तावांची आपसांत तुलनाच होत नव्हती.

दुसरं ठिकाण मालसाठा. युद्धानंतर किमती चढत होत्या, मालाची टंचाई होती, म्हणून प्रत्येक विभागानं गरजेपेक्षा जास्त आणि गरजेच्या आधी मागणी नोंदवली. विभागप्रमुखाच्या जागेवरून पाहिलं तर त्यात वावगं काही नव्हतं. माल कमी पडला तर जोडणी थांबणार आणि दोष त्याच्या माथी येणार. जास्त पडला तर अडकलेल्या पैशाची झळ त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. किमती उतरायला लागल्या तेव्हा हाच साठा आणि बांधून घेतलेले खरेदीचे करार गळ्याशी आले. साठ्याच्या किमतीतली घट आणि तत्सम नुकसान म्हणून पुढच्या दोनेक वर्षांत कंपनीला 8 कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्ची टाकावी लागली.

तिसरं ठिकाण रोख रकमेचं, आणि हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक विभाग आपल्या विक्रीचे पैसे आपल्याच बँक खात्यात ठेवायचा आणि आपले खर्च त्यातून भागवायचा. मुख्य कंपनीकडे स्वतःची आवक जवळजवळ नव्हतीच. लाभांश, कर, कर्जाचे हप्ते द्यायची वेळ आली की विभागांकडे हात पसरायचा. ब्यूइक सर्वांत कमावता विभाग, आणि पैसा हातातून सोडायला सर्वांत नाखूष. आपल्याकडे किती रोख आहे हे कळवायला त्यांच्याकडून उशीर व्हायचा. मग जनरल मोटर्सचे खजिनदार मेयर प्रेन्टिस ब्यूइककडे किती असेल आणि त्यातलं किती सुटेल याचा अंदाज बांधून ब्यूइकच्या गावी, फ्लिंटला जायचे. आधी इकडची तिकडची कामं काढायची, आणि बोलता बोलता सहज आठवल्यासारखा पैशाचा विषय काढायचा. आकडा ऐकून ब्यूइकची मंडळी दर वेळी चकित व्हायची, कधी एवढी रक्कम देता येणार नाही म्हणून अडूनही बसायची. एकाच कंपनीचा खजिनदार आपल्याच कंपनीच्या पैशासाठी वाटाघाटी करत होता. एका विभागात पैसा नुसता पडून असताना दुसरा विभाग कर्ज काढून चालत होता.

रास्कोब यांच्यासारखा जाणकार वर बसूनही हे का घडलं, ते या तिसऱ्या ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसतं. परताव्याचं गुणोत्तर मुख्यालयात काढता येतं, पण त्यातला छेद, म्हणजे गुंतलेलं भांडवल, ज्यांच्या हातात होतं त्यांना ते आपलं ओझं वाटतच नव्हतं. शिवाय रास्कोब स्वतः विस्ताराच्या बाजूचे होते, आणि तेजीत छेदाकडे पाहायला कुणाला सवड नसते.

काय केलं आणि कुठल्या क्रमानं

पहिला हात मालसाठ्याला घातला. ऑक्टोबर 1920 मध्येच जॉन प्रॅट यांच्याकडे मालसाठा समिती सोपवली गेली. समितीचं पहिलं काम म्हणजे अध्यक्षांच्या सहीचं एक पत्र सर्व महाव्यवस्थापकांना: समितीनं तपासेपर्यंत नवी खरेदी बंद, आधी मागवलेला मालही पाठवून घ्यायचा नाही. त्यानंतर पुरवठादारांशी बोलून करार कमी करणं, पुढे ढकलणं सुरू झालं. मग आली कायमची व्यवस्था. प्रत्येक महाव्यवस्थापकानं दर महिन्याला पुढच्या चार महिन्यांच्या विक्रीचा अंदाज द्यायचा, आणि त्या विक्रीला लागेल तेवढ्याच खरेदीला आणि मजुरीला मंजुरी मिळायची.

जून 1922 पर्यंत साठा साडेनऊ कोटी डॉलरच्या आत आला, आणि फिरत वर्षाला सुमारे दोन वेळांवरून चार वेळांच्या वर गेली. सुरुवात मालसाठ्यापासून केली हे माझ्या मते अगदी बरोबर होतं. कारखाना एका रात्रीत विकता येत नाही आणि यंत्र परत देता येत नाही, पण गोदामातला पैसा काही महिन्यांत मोकळा होतो. भांडवली उत्पादकतेचं काम हाती घेणाऱ्यांपैकी अनेक जण यंत्रांच्या वापराच्या टक्केवारीपासून सुरुवात करतात, कारण ती मोजायला सोपी असते. त्यात एक धोका आहे. यंत्र सतत चालू ठेवण्याच्या नादात न विकणारा माल तयार होतो. यंत्राचा आकडा सुधारतो आणि भांडवल एका खणातून उचलून दुसऱ्या खणात पडतं.

रोख रकमेचा प्रश्न 1922 मध्ये सुटला. देशभरातल्या शंभरेक बँकांमध्ये जनरल मोटर्सच्या नावानं खाती उघडली, सर्व विभागांची आवक त्या खात्यांत जमा होऊ लागली आणि पैसे काढायचा अधिकार मुख्य कंपनीच्या वित्त विभागाकडे गेला. विभागांची रोख हलवायची सत्ता गेली, तशी प्रेन्टिस यांची फ्लिंटवारीही संपली. एका ठिकाणची जादा रक्कम तारेनं दुसऱ्या ठिकाणी वळवता येऊ लागली आणि उरलेली अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत ठेवता आली. कारखान्यात एक खिळाही न हलवता भांडवलाची उत्पादकता वाढली ती इथे.

कारखान्यांच्या विस्तारासाठी मंजुरीची नियमावली आली. प्रस्ताव किती परतावा देईल, कंपनीच्या एकूण गरजेत तो कुठे बसतो आणि बाकीच्या प्रस्तावांच्या तुलनेत त्याचा क्रम कुठला, हे कागदावर मांडल्याशिवाय पैसे मिळेनात.

1921 च्या जानेवारीत ब्राउन स्वतः जनरल मोटर्समध्ये वित्ताचे उपाध्यक्ष म्हणून आले होते. त्यांनी हिशेबाची पद्धत सगळीकडे एक केली. ही कंटाळवाणी वाटणारी पायरी टाळून कुणालाही पुढे जाता येत नाही. एक विभाग घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी वजा करायची रक्कम, एका रीतीनं धरतो आणि दुसरा दुसऱ्या रीतीनं, तर त्यांच्या परताव्यांची तुलना म्हणजे नुसता गोंधळ. मग दर महिन्याला प्रत्येक विभागाचे आकडे एकाच नमुन्यात बसवून परतावा काढला जाऊ लागला. आपला विभाग कितव्या जागी आहे आणि कुठल्या फाट्यामुळे मागे पडला, हे विभागप्रमुखाला इतरांबरोबरच दिसू लागलं.

बोनसही याला जोडलेला होता. 1918 च्या योजनेत भांडवलावर 6 टक्के परतावा आधी बाजूला काढायचा आणि त्यावरच्या नफ्यातले 10 टक्के बोनससाठी ठेवायचे, असं ठरलं होतं. 1922 मध्ये ही खालची रेषा 7 टक्के केली. भांडवल फुकट मिळत नाही, ही गोष्ट भाषणापेक्षा या एका टक्क्यानं जास्त चांगली पटली असणार. शिवाय बोनस संपूर्ण कंपनीच्या नफ्यावर होता, म्हणून आपल्या विभागाचा आकडा सजवण्यासाठी शेजारच्या विभागाची कोंडी करण्यात कुणाचा फायदा नव्हता.

ब्राउन यांनी आणखी एक अडचण ओळखली होती. गाड्यांचा धंदा चढउतारांचा. मंदीच्या वर्षी कारखाना अर्धा चालला की नगामागे स्थिर खर्च फुगतो, आणि तो भरून काढायला किंमत वाढवली तर विक्री आणखी पडते. म्हणून त्यांनी खर्च आणि किंमत ‘प्रमाण उत्पादना’वर बेतली. प्रमाण उत्पादन म्हणजे अनेक वर्षांची सरासरी धरून क्षमतेच्या सुमारे 80 टक्के. एखाद्या वर्षाचा परतावा खाली आला तर तो क्षमता रिकामी राहिल्यामुळे की काम ढिसाळ झाल्यामुळे, हे वेगळं काढता आलं. परतावा मोजणाऱ्या अनेक कंपन्या ही फोड करत नाहीत. मंदीत चांगल्या विभागाला झोडपतात आणि तेजीत सुमार विभागाची पाठ थोपटतात.

1924: आकडा सुधारला, माल तिथेच

इतकं सगळं बसवूनही चार वर्षांच्या आत कंपनी पुन्हा त्याच खड्ड्यात गेली. 1923 हे विक्रमी वर्ष. सुमारे 8 लाख गाड्या विकल्या गेल्या. पुढचं वर्षही असंच जाईल म्हणून विभागांनी उत्पादन चढं ठेवलं. मार्च 1924 मध्ये वित्त विभागाला डीलरांकडचा साठा प्रमाणाबाहेर वाटू लागला. विभागप्रमुखांचं म्हणणं, थंडीमुळे विक्री लांबली आहे, वसंतात उचल येईल.

मे महिन्यात आल्फ्रेड स्लोन आणि ब्राउन डीलरांना भेटायला निघाले. स्लोन वर्षभरापूर्वीच अध्यक्ष झाले होते. आधी सेंट लुईस, मग कॅन्सस सिटी, मग लॉस एंजेलिस. जिथे जावं तिथे डीलरच्या आवारात न विकलेल्या गाड्यांच्या रांगाच रांगा. कागदावरच्या वादाला तिथे पूर्णविराम मिळाला. विभागांना समजावून घेत चालणाऱ्या स्लोन यांनी या वेळी सरळ हुकूम सोडला: उत्पादन ताबडतोब कमी करा. त्या वर्षी कंपनीची विक्री 6 लाखांच्या आत राहिली.

या प्रसंगातला धडा सूत्रात सापडत नाही. कंपनी फिरत मोजत होती ती आपल्या साठ्याची. कारखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली की ती विक्री धरली जायची, कंपनीचं भांडवल मोकळं झालेलं दिसायचं. वास्तवात ते फक्त डीलरच्या अंगणात जाऊन उभं राहिलं होतं. शेवटच्या गिऱ्हाइकानं पैसे मोजेपर्यंत माल विकला गेला असं मानता येत नाही. हिशेबाची रेषा कंपनीच्या कुंपणापाशी आखली की प्रत्येक जण माल कुंपणाबाहेर ढकलतो आणि आपला आकडा स्वच्छ ठेवतो. आज पुरवठादारांची देणी तीन-तीन महिने लांबवून खेळतं भांडवल कमी दाखवतात, तेही याच जातीचं. साखळीतला कमकुवत दुवा तुटला की ते ओझं व्याजासकट परत येतं.

उपाय निघाला तो माहितीच्या बाजूनं. 1924-25 पासून प्रत्येक डीलरनं दर दहा दिवसांनी कळवायचं: गिऱ्हाइकांना किती गाड्या दिल्या, नव्या मागण्या किती, हातात नव्या गाड्या किती, जुन्या किती. त्याला जोड म्हणून स्वतंत्र संस्थेकडून गाड्यांच्या नोंदणीचे आकडे घेतले जात, म्हणजे डीलरचं म्हणणं पडताळून पाहता यायचं. वर्षाचा अंदाज केलेला असायचाच, पण दर दहा दिवसांनी प्रत्यक्ष विक्रीशी ताडून उत्पादन आणि खरेदी कमी-जास्त करायची. अंदाज चुकणार हे गृहीत धरून चूक लवकर दिसेल अशी सोय केली होती, आणि मला हे या प्रकरणातलं सर्वांत मोठं सुधारकाम वाटतं. अंदाज अचूक करण्याच्या मागे लागलेले विभाग पुष्कळ सापडतात. चूक किती दिवसांत उघडी पडते हे मोजणारे विरळा.

गुणोत्तराचा आंधळा कोपरा

परताव्याच्या गुणोत्तराला एक खोट आहे, आणि ब्राउन यांना ती ठाऊक होती. गुणोत्तर वाढवण्याचे दोन मार्ग असतात: अंश वाढवा किंवा छेद घटवा. ज्या विभागाचा परतावा 30 टक्के आहे, त्याचा प्रमुख 20 टक्के देणारा नवा प्रकल्प नाकारू शकतो, कारण त्यामुळे त्याची सरासरी खाली येते. कंपनीला मात्र तो प्रकल्प हवाच असतो, जर भांडवलाचा खर्च त्याहून कमी असेल. ब्राउन यांची मांडणी अशी की परताव्याचा दर जास्तीत जास्त करणं हे ध्येय नव्हे. वाढीव विक्रीतून मिळणारा परतावा तिला लागणाऱ्या वाढीव भांडवलाच्या खर्चाइतका होईपर्यंत वाढत राहावं.

जुन्या यंत्रांचाही असाच पेच आहे. घसारा वजा करत गेलं की दहा वर्षांच्या जुनाट यंत्रावर परतावा झकास दिसतो आणि नवं यंत्र घेतलं की तो कोसळतो. व्यवस्थापक मग नवं यंत्र टाळतो. ड्यूपॉन्टच्या तक्त्यांत याच कारणानं कारखान्याची किंमत घसारा वजा न करता मूळ खर्चावर धरली जात असे. ही पद्धतही निर्दोष नाही, कारण किमती वाढल्या की मूळ खर्च खोटा पडतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहणं त्यातल्या त्यात बरं.

या सगळ्या बांधणीची कसोटी लागली ती पुढच्या महामंदीत. 1929 ते 1932 या तीन वर्षांत जनरल मोटर्सची विक्री जवळजवळ तीन चतुर्थांशांनी घटली. 1920 च्या पडझडीपेक्षा हे कितीतरी भयंकर होतं. उत्पादन विक्रीबरोबर खाली आलं, साठा उत्पादनाबरोबर, आणि साठ्यातून सुटलेला पैसा रोख होऊन हातात राहिला. 1932 मध्ये कंपनीला अवघा 1 लाख 65 हजार डॉलर नफा झाला, पण तोटा एकाही वर्षी झाला नाही, आणि लाभांश दर वर्षी दिला गेला.